अर्थसंकल्पात न दिसणारी कपात

ठाण्यात किंवा डोंबिवलीत राहणाऱ्या सामान्य सदनिकाधारकाच्या घरी दर वर्षी मालमत्ता कराचे देयक येते. एकूण रकमेचा आकडा पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडतात आणि सवलतीची मुदत टळण्यापूर्वी तो पैसे भरून मोकळा होतो. देयकातील बारीक रकाने वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. ते घेतले, तर सर्वसाधारण कर, जलनिःसारण कर यांच्या जोडीला ‘राज्य शिक्षण कर’ अशी एक नोंद तेथे आढळते. १९६२ च्या कायद्यान्वये हा कर पालिकेने वसूल करावयाचा आणि राज्याच्या तिजोरीत भरावयाचा असतो. याच गृहस्थाच्या आयकरावर केंद्र सरकार २००४ पासून शिक्षणाच्या नावाने उपकर घेत आले आहे. आरंभी तो दोन टक्के होता, २००७ मध्ये तीन टक्के झाला आणि २०१८ मध्ये आरोग्याला शिक्षणाशी जोडून तो चार टक्क्यांवर नेण्यात आला. म्हणजे हा गृहस्थ शिक्षणासाठी दोन सरकारांना कर देतो, आणि तो दिल्यावर आपल्या मुलाच्या शाळेची फी, बसचे भाडे व खासगी शिकवणीचे शुल्क स्वतंत्रपणे मोजतो.

शिक्षणासाठी घेतला जाणारा कर कायम आहे, याविषयी कोणालाही शंका नाही. शिक्षणाची जबाबदारीही सरकारने तितकीच कायम मानली आहे काय, हा मात्र आज विचारण्याजोगा प्रश्न झाला आहे. तो विचारला जात नाही; कारण शिक्षणावरील खर्चात कपात केली, असे कोणताही अर्थमंत्री विधिमंडळात सांगत नाही. उलट, शिक्षण खात्याची तरतूद जवळजवळ दर वर्षी वाढलेलीच दाखविता येते. वेतनवाढी, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन यांमुळे ती आपोआप फुगते. कपात होते ती तरतुदीच्या आकड्यात होत नाही. ती शासननिर्णयांच्या परिच्छेदांत, रिकाम्या ठेवलेल्या पदांत, थकविलेल्या अनुदानांत आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या ठरावीक रकमांत होते.

कपातीची रीत

अर्थशास्त्रात चालू किमती आणि स्थिर किमती असा एक प्राथमिक भेद शिकविला जातो. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत असेल आणि एखाद्या शाळेला मिळणारे शंभर रुपये शंभरच राहत असतील, तर दहा वर्षांनी त्या शंभरांची क्रयशक्ती छप्पन्न रुपयांपेक्षा अधिक उरत नाही. कोणी काही कापले नाही, तरी चव्वेचाळीस रुपये गेलेले असतात. खडू, वीज, पाणी, प्रयोगशाळेतील रसायने, छपराची दुरुस्ती यांसाठी अनुदानित शाळांना मिळणाऱ्या वेतनेतर अनुदानाचे नेमके हेच झाले. मधली काही वर्षे ते बंदच पडले होते. २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हाही त्याची सांगड मागे पडलेल्या पाचव्या वेतन आयोगाच्या वेतनाशी घालण्यात आली. विजेचे देयक चालू दराने यावे आणि ते भरण्यासाठीचे अनुदान जुन्या हिशेबाने मिळावे, अशी ही व्यवस्था आहे.

दुसरी रीत पदांची आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण पात्रताधारक शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काम करावे, असे तिचे स्वरूप होते आणि प्राथमिक शिक्षणसेवकाचे आरंभीचे मानधन होते महिना ३,००० रुपये. ते पुढे ६,००० झाले आणि १६,००० होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. मे २०१२ मध्ये काही अपवाद वगळता शिक्षकभरतीच थांबविण्यात आली. ‘पवित्र’ या संगणकीय व्यवस्थेमार्फत प्रत्यक्ष नेमणुका होऊ लागल्या त्या २०१९ मध्ये. मधल्या सात वर्षांत शिक्षक निवृत्त होत राहिले. मुले मात्र पहिलीत येतच राहिली. मे २०२० मध्ये करोनाच्या संकटात वित्त विभागाने विकासयोजनांवरील खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांपुरता मर्यादित केला आणि नवी भरती रोखली. ते संकट खरे होते, हे मान्य करावयास हवे. परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अनुदानित शाळांतील शिपायांविषयी जो निर्णय झाला, तो संकटापुरता नव्हता. सेवेतील शिपाई निवृत्त झाला की त्याचे पद संपुष्टात यावे आणि त्याऐवजी शाळेला प्रदेशानुसार महिना पाच ते दहा हजार रुपयांचा ‘शिपाई भत्ता’ मिळावा, असा तो निर्णय. शाळा उघडणारा, घंटा देणारा, पाण्याच्या टाकीकडे पाहणारा आणि लहान मुलींना फाटकापर्यंत सोडणारा माणूस त्यामुळे वेतनाच्या यादीतून निघून भत्त्याच्या रकान्यात गेला.

तिसरी रीत शब्दांची आहे. २००१ साली महाराष्ट्राने ‘कायम विनाअनुदान’ असा एक प्रकार निर्माण केला. शाळा काढा, पण अनुदान कधीही मागू नका, ही तिची अट होती. त्यातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला आणि पहिले वीस टक्के अनुदान मिळण्यास २०१६ उजाडले. दरम्यान हजारो शिक्षकांनी उमेदीची वर्षे अल्प वेतनावर, प्रसंगी वेतनाविना काढली. सकाळी शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या शिकवणीवर्गात राबायचे, किंवा दुकानाचे हिशेब लिहायचे, हा त्यांपैकी अनेकांचा दिनक्रम राहिला. एका शब्दाने सरकारचे किती पैसे वाचले याचा हिशेब निघू शकेल. त्या वर्गांत बसलेल्या मुलांचे काय गेले, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडता येणार नाही.

अनुदानावर उभी राहिलेली शहरे

या साऱ्याचा ठाणे, कल्याण व डोंबिवलीशी असलेला संबंध समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कल्याणला रेल्वे पोहोचली ते १८५४ साल आणि वुडच्या खलित्याने भारतात शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत घालून दिली ते वर्षही तेच. या दोन गोष्टींवर ही शहरे वाढली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मुंबईत भाडे न परवडणारा कारकून, शिक्षक, छापखान्यातील जुळारी, पुढे १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून बाहेर फेकला गेलेला कामगार, हे सारे रेल्वेमार्गाच्या कडेने येथे आले. त्यांनी आधी डोक्यावर छप्पर शोधले आणि लगेच मुलांसाठी शाळा शोधली. जेथे शाळा नव्हती, तेथे त्यांनीच ती काढली. ठाण्यातील विद्या प्रसारक मंडळाची स्थापना १९३५ मधली आहे. डोंबिवली आणि कल्याणमध्येही अनेक शिक्षणसंस्था रहिवाशांच्या वर्गणीतून, कोणाच्या देणगीतून, कोणी स्वस्तात दिलेल्या जागेतून उभ्या राहिल्या.

त्यात एक अलिखित करार होता. जागा, इमारत आणि देखरेख समाजाने द्यायची. शिक्षकांचे वेतन सरकारने द्यायचे. आणि मुलाच्या बापाने परवडेल तेवढीच फी द्यायची. संयुक्त महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर, यशवंतराव चव्हाणांच्या काळात, आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीमाफी देण्यात आली. तिची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,२०० रुपयांवर नेण्यात आल्यावर या कराराला भक्कम सामाजिक पाया मिळाला. आज पन्नाशी-साठी ओलांडलेले या शहरांतील कित्येक अभियंते, बँक अधिकारी, डॉक्टर आणि प्राध्यापक या कराराचीच फळे आहेत. त्यांच्या वडिलांच्या पगारातून आजच्या दराने फी भरणे कदापि शक्य झाले नसते.

हा करार आता दोन्ही बाजूंनी सुटत चालला आहे. सरकार वेतनाची जबाबदारी आक्रसून घेते आहे. आणि अनुदान तुटपुंजे व अटी फार, असे म्हणून काही संस्थाचालक अनुदानातूनच बाहेर पडू पाहत आहेत. डोंबिवलीतील एका जुन्या महाविद्यालयाच्या बाबतीत असाच प्रश्न उद्भवला, तेव्हा २०२४ मध्ये प्राध्यापक, पालक आणि माजी विद्यार्थी यांना आंदोलन करावे लागले. समाजाच्या पैशाने आणि सरकारच्या अनुदानाने वाढलेली संस्था पुढे कोणाची, हा त्यामागील मूळ प्रश्न होता, आणि तो एकाच महाविद्यालयापुरता नाही.

पालिकेची रिकामी झोळी

ज्यांना अनुदानित शाळाही दूरची वाटते, त्यांच्यासाठी पालिकेची शाळा असते. प्राथमिक शिक्षण हे महापालिकांचे बंधनकारक कर्तव्य आहे. ते करावे की करू नये, असा पर्याय पालिकेला नाही. या शाळांत आज कोण शिकते? बांधकामावरच्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची, रिक्षाचालकांची, कंत्राटी कामगारांची मुले. आंबिवलीची एन.आर.सी. २००९ मध्ये बंद पडली, तेव्हा स्थिर वेतनाच्या आधारावर मुलांचे शिक्षण आखणाऱ्या कुटुंबांची घडी विस्कटली. अशा वेळी बिनफीची चांगली शाळा हाच कुटुंबाचा खरा विमा असतो.

परंतु ठाण्याची महापालिका १९८२ ची आणि कल्याणची १९८३ ची. दोन्ही शहरे इतक्या वेगाने वाढली की २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख भरली. पालिकांच्या उत्पन्नाची साधने मात्र उलट्या दिशेने गेली. जकात गेली; तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला; आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर पालिकेची भिस्त राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्यावर राहिली. ज्या पालिकेला स्वतःचे उत्पन्न स्वतः वाढविण्याची मुभा नाही, ती प्रथम रस्ते, पाणी आणि कचरा पाहते. त्यांची ओरड रोज होते. शाळेची ओरड करणारे मूल मतदार नसते.

यात लोकशाहीच्या अभावाची भर पडली. पालिकांची शिक्षण मंडळे २०१३ नंतर टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली. त्यांच्या कारभारात दोष होते, हे खरे. पण शाळांविषयी बोलण्याचे ते एक स्वतंत्र व्यासपीठ होते. पुढे कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून, जानेवारी २०२६ च्या निवडणुका होईपर्यंत, प्रशासकांचा कारभार चालला. अर्थसंकल्प प्रशासनानेच तयार करावयाचा आणि प्रशासकानेच मंजूर करावयाचा! अमुक शाळेत शिक्षक का नाही, असे सभागृहात उभे राहून विचारण्यास या काळात कोणी नव्हते. आता नवे नगरसेवक आले आहेत. त्यांची पहिली परीक्षा रस्त्याच्या डांबरावर घेतली जाईल. ती वर्गातील फळ्यावरही घेतली जावी, अशी अपेक्षा करणे गैर नव्हे.

पाड्यावरचा पट

ठाणे जिल्हा म्हणजे केवळ रेल्वेकाठची शहरे नव्हेत. शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी महानगराला मिळते. त्याच तालुक्यातील आणि शेजारच्या मुरबाडमधील आदिवासी पाड्यांवर जिल्हा परिषदेच्या लहानलहान शाळा आहेत. या शाळा आता ‘कमी पटाच्या’ म्हणून सरकारच्या डोळ्यांवर आल्या आहेत. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती राज्यभरातून मागविण्यात आली, तेव्हा ती संख्या पावणेपंधरा हजारांच्या आसपास आणि त्यांतील मुलांची संख्या पावणेदोन लाखांहून अधिक असल्याचे पुढे आले. २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याची कल्पना मांडण्यात आली. त्याच वर्षी निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपये मानधनावर पुन्हा बोलावण्याचे ठरले. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसहून कमी मुले असल्यास तेथे शिक्षकाचे पदच मंजूर न होण्याची पाळी आणली.

कमी पटामागील कारणे शोधली, तर या धोरणाचा फोलपणा ध्यानी येतो. पटाची मोजणी सामान्यतः ३० सप्टेंबरच्या स्थितीवर होते. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. कागदावर पट असतो तेव्हा वर्ग अर्धा रिकामा, आणि मूल ज्या गावच्या भट्टीवर असते तेथे त्याचे नाव कोणत्याच पटावर नसते. भट्टीवरच्या या मुलांसाठी विधायक संसदेने १९९० च्या दशकात ‘भोंगाशाळा’ चालविल्या होत्या. भट्टीच्या विटांचाच आडोसा रचून केलेली शाळा, असे तिचे स्वरूप होते. त्याही आधी, १९४५ पासून, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे तत्त्व आचरून दाखविले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी ‘कुरणशाळा’ ही त्यांचीच देणगी. ज्या जिल्ह्याने देशाला अंगणवाडीची वाट दाखविली, त्याच जिल्ह्यातील सात वर्षांच्या मुलीला आज ओढा ओलांडून दुसऱ्या गावच्या समूह शाळेत जाण्यास सांगणे, म्हणजे ऐंशी वर्षांच्या त्या अनुभवाकडे पाठ फिरविणे होय.

शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतराच्या आत शाळा असावी, असे म्हटले आहे. हे माप मुलाच्या पायांचे आहे. पटाचे माप तिजोरीचे आहे. धोरण आखताना यांपैकी कोणते आधी धरावयाचे, यावरून सरकारची दृष्टी ठरते.

कायद्यालाच वळसा

याच काळात घडलेला एक प्रसंग या दृष्टीवर पुरेसा प्रकाश टाकतो. शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या आणि त्यांचा खर्च सरकारने शाळांना भरून द्यावयाचा असतो. महाराष्ट्रात ही प्रतिपूर्ती मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांवर दीर्घकाळ थांबली. करोनाच्या काळात ती ८,००० पर्यंत खाली आणली गेली. आणि शाळांची थकबाकी शेकडो कोटींच्या घरात गेली. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने नियमांत बदल केला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला या पंचवीस टक्क्यांतून सूट देण्यात आली. ठाणे, डोंबिवली अथवा कल्याणसारख्या दाट वस्तीत असा एक किलोमीटर सापडणे कठीण. म्हणजे नियमाने जे दिले होते ते अपवादाने काढून घेतले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला.

या प्रसंगातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. गरीब मुलाला खासगी शाळेत पाठविण्याची गरज नाही, कारण शेजारी सरकारी शाळा आहे, असे एकीकडे सांगावयाचे. आणि त्याच सरकारी शाळेतील शिक्षकाचे पद दुसरीकडे रिकामे ठेवावयाचे. दोन्ही युक्तिवाद एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. दोहोंत समान आहे ती केवळ खर्च टाळण्याची इच्छा.

सरकारची बाजू

सरकारपुढे अडचणी नाहीत, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०२५-२६ च्या सुमारे सात लाख कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची धरण्यात आली होती आणि राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. शालेय शिक्षणाच्या खर्चाचा मोठा हिस्सा वेतनात जातो. तरीही मुलांना वाचता येत नाही, ही तक्रार निराधार नाही. पाच मुलांच्या वर्गात खेळ, स्पर्धा आणि सोबतीने शिकणे होत नाही, हेही खरे आहे. मुलींच्या व्यावसायिक उच्च शिक्षणाचे शुल्क २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर माफ करण्यात आले, त्याचे श्रेय सरकारला द्यावयासच हवे.

परंतु तूट ही प्राधान्यक्रमाच्या प्रश्नाचे उत्तर नसते. ती त्या प्रश्नाची सुरुवात असते. त्याच वर्षी महिलांना दरमहा १,५०० रुपये देण्याच्या योजनेसाठी ३६,००० कोटी रुपये ठेवण्यात आले. गरीब स्त्रीच्या हाती पैसा जाणे इष्ट आहे, आणि तिचा त्यावरील अधिकार नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की पाड्यावरची शाळा बंद पडली, तर त्याच स्त्रीला ते पैसे मुलीच्या वाहनावर आणि शिकवणीवर घालावे लागतील. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेण्याचा हा व्यवहार झाला. शिवाय वेतनावर पैसा जातो हा दोष मानला, तर शिक्षण म्हणजे मुळात शिक्षकाचा वेळच होय, हे विसरल्यासारखे होते. तो वेळ मतदारयाद्या, सर्वेक्षणे आणि संकेतस्थळांवर माहिती भरणे यांत घालवावयाचा आणि मग निकालाबद्दल शिक्षकालाच जबाबदार धरावयाचे, ही काटकसर नव्हे.

जुना वाद, नवा अर्थ

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी सरकारी महसूल शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला मिळतो, याकडे लक्ष वेधले होते. कर कोण भरतो आणि शिकते कोण, हा अर्थशास्त्रातील भाराचा आणि लाभाचा प्रश्न त्यांनी प्रथम मांडला. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. खर्चाचे दोन भाग सरकारने आणि एक भाग स्थानिक संस्थांनी उचलावा, असा त्यांचा माफक हिशेब होता. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. तत्कालीन सरकारने इतर आक्षेपांबरोबर पैशाचीही सबब पुढे केली होती. तेव्हा राज्य परकीयांचे होते. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असे सांगितले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी सहा टक्क्यांचा उच्चार केला. एकदाही तो आकडा गाठला गेला नाही.

कोठारी आयोगाने आणखी एक शिफारस केली होती. एका परिसरातील सर्व मुलांनी, त्यांची ऐपत काहीही असो, एकाच शेजारशाळेत शिकावे. या शिफारशीमागे समतेइतकाच व्यवहारही होता. ज्या शाळेत अधिकाऱ्याचा आणि डॉक्टरचा मुलगा जातो, तिच्या गळक्या छपराची तक्रार ऐकली जाते.

आजच्या मौनाचे कारण येथेच सापडते. अर्थसंकल्प वाचू शकणारा, वर्तमानपत्राला पत्र लिहू शकणारा, नगरसेवकाला जाब विचारू शकणारा या शहरांतील मध्यमवर्ग पालिकेच्या शाळेतून फार पूर्वी आणि अनुदानित मराठी शाळेतून गेल्या दोन-तीन दशकांत निघून गेला. मुलाच्या भवितव्यासाठी त्याने जे योग्य वाटले ते केले. त्याला दोष देऊन उपयोग नाही. परंतु त्याच्या जाण्याने सार्वजनिक शाळेचा आवाजच गेला. आणि त्याची किंमत तोही भरतो आहे. २०२५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात सरकारी शाळेतील मुलावर कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये, तर इतर शाळांतील मुलावर २५,००२ रुपये होतो. आणि शंभरांतील सत्तावीस मुले त्याशिवाय शिकवणीला जातात. ठाणे-डोंबिवलीतील पालकांना हा सरासरी आकडाही फार लहान वाटेल. सरकारी तिजोरीतून कापलेला पैसा नाहीसा होत नाही. तो पालकाच्या खिशातून वसूल होतो. फरक एवढाच की ज्याच्या खिशात तो नाही, त्याचे मूल शाळेबाहेर राहते.

काय करता येईल

उपाय खर्चिक असलेच पाहिजेत असे नाही. पहिले काही तर केवळ प्रामाणिक हिशेबाचे आहेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतून राज्य शिक्षण कराचे किती पैसे दर वर्षी जमा झाले आणि या शहरांतील शाळांकडे किती परत आले, याचे विवरण पालिकेने करदेयकाच्या मागेच छापावे. केंद्राच्या उपकराचा वाटा राज्यांना करवाटपातून मिळत नाही. तो योजनांच्या रूपाने, केंद्राच्या अटींवर येतो. म्हणून त्याचाही हिशेब मागण्याचा अधिकार नागरिकाला आहे. प्रत्येक शाळेच्या फलकावर मंजूर पदे, भरलेली पदे आणि दर मुलामागे झालेला प्रत्यक्ष खर्च लिहिलेला असावा. महागाई भत्ता जसा निर्देशांकाशी बांधलेला असतो, तसेच वेतनेतर अनुदान, शिपाई भत्ता आणि मुलांची प्रतिपूर्ती हीही निर्देशांकाशी बांधावीत. म्हणजे दर वर्षी न बोलता होणारी कपात तरी थांबेल. शाळा चालू ठेवण्याचा निकष पट नसून मुलाचे अंतर असावे. आणि रिक्त पदे जूनपूर्वी भरली गेली नाहीत, तर त्याचे कारण पालिकेच्या सभागृहात आणि जिल्हा परिषदेत जाहीरपणे सांगितले जावे.

यांतील कोणतीही गोष्ट नागरिकांनी मागितल्याशिवाय होणार नाही. आणि ज्यांची मुले त्या शाळांत नाहीत त्यांनीच ती प्रथम मागावयास हवी. घर झाडून-पुसून जाणाऱ्या बाईची मुलगी पालिकेच्या कोणत्या शाळेत जाते आणि तिच्या वर्गाला शिक्षक आहे की नाही, हे डोंबिवलीच्या किती घरांना ठाऊक आहे? त्या घरांच्या मागील पिढीला ज्या शाळेने वर काढले, तिचे वेतन कोणाच्या तरी करातून आले होते. आज कर भरण्याची पाळी त्यांची आहे, आणि तो कर ते भरतही आहेत. पुढच्या वेळी मालमत्ता कराचे देयक हाती येईल, तेव्हा ‘राज्य शिक्षण कर’ या ओळीवर क्षणभर थांबून, हे पैसे कोठे जातात, एवढा प्रश्न त्यांनी पालिकेला लेखी विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर देणे कोणत्याही प्रशासनाला टाळता येऊ नये.